निरगुडी : पाला, मंत्र आणि शब्द
(लोकवैद्यकाच्या भाषेचा परिचय : भोर व वेल्हे परिसराच्या संदर्भात)

१. उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला :
• लोकवैद्यकात औषधोपचार आणि मंत्रोपचार एकत्र का नांदतात, हे सांगता येईल.
• निरगुडी या वनस्पतीच्या नावांचा भाषिक प्रवास स्पष्ट करता येईल.
• ‘बांधणे’, ‘उतरणे’, ‘झाडणे’, ‘गुण येणे’ यांसारख्या शब्दांमागील लोकसमजूत उलगडता येईल.
• परिसरातील लोकवैद्यकाची नोंद जबाबदारीने करता येईल.

२. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, लोकसाहित्याचा अभ्यास म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ओव्या, भारुडे, लोककथा आणि उखाणे येतात. परंतु ज्या घरात ओवी गायिली गेली, त्याच घरात बाळंतिणीच्या अंघोळीसाठी पाला उकळला गेला, लेकराची दृष्ट काढली गेली आणि पाय मुरगळला तर कुणीतरी तेल चोळता चोळता काहीतरी पुटपुटले. हे पुटपुटणेही लोकभाषेचाच भाग आहे. ते छापले गेले नाही, फडावर सादर झाले नाही. म्हणून ते आपल्या अभ्यासाबाहेर राहिले.

प्रस्तुत घटकात आपण एकाच वनस्पतीचा आधार घेऊन या भाषेकडे पाहणार आहोत. ती वनस्पती म्हणजे निरगुडी. आपल्यापैकी अनेकांच्या शेताच्या बांधावर ती आजही उभी असेल. तिच्या पाल्याचा गुण कोणता आणि तिच्याबरोबर उच्चारल्या जाणाऱ्या शब्दाचा गुण कोणता, हे वेगळे करता येणे हा या घटकाचा मुख्य विषय आहे. हा भेद केवळ परीक्षेपुरता नाही. काही प्रसंगी तो माणसाच्या जिवाशी येऊन भिडतो, हे पुढील विवेचनातून स्पष्ट होईल.

३. विषय-विवेचन

३.१ सुगंधी पाला : युरोपात आणि आपल्याकडे

तीव्र वासाच्या वनस्पतींना औषधी सामर्थ्याबरोबरच संरक्षक सामर्थ्यही चिकटवण्याची प्रवृत्ती जगभर आढळते. युरोपातील लॅव्हेंडर हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. जांभळ्या फुलांचे हे झुडूप तेथील गृहिणी कपड्यांच्या पेटीत कसर लागू नये म्हणून ठेवत, डोकेदुखीवर व झोपेसाठी वापरत. स्पेन आणि पोर्तुगालमध्ये संत जॉनच्या सणाला पेटवल्या जाणाऱ्या होळ्यांतही ते जाळले जाई. कारण त्या रात्री दुष्ट शक्ती मोकळ्या सुटतात, अशी समजूत होती. म्हणजे एकच वास किड्यालाही पळवतो आणि भुतालाही पळवतो, असे हे तर्कशास्त्र आहे. ‘लॅव्हेंडर’ हे नाव धुणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आले, असे पुष्कळदा सांगितले जाते. काही अभ्यासक मात्र ते निळसरपणा दाखवणाऱ्या धातूशी जोडतात.

लॅव्हेंडर आपल्याला अगदीच परके नाही. त्याच प्रजातीतील काही रानटी जाती आपल्या सह्याद्रीतही उगवतात. त्यांपैकी एका जातीच्या शास्त्रीय नावात अलेक्झांडर गिब्सन यांचे नाव आहे. एकोणिसाव्या शतकात ते पुण्याजवळील दापोडीच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख होते. तथापि मावळातल्या घरात लॅव्हेंडरचे जे काम युरोपीय गृहिणी करून घेई, ते काम निरगुडीने केले. आजच्या वर्गीकरणानुसार लॅव्हेंडर, तुळस आणि निरगुडी ही तिन्ही एकाच कुळात मोडतात, ही गोष्टही लक्षात घेण्यासारखी आहे.

३.२ परिसर आणि वनस्पती

भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य बाजूचे डोंगराळ भाग. राजगड, तोरणा, रोहिडा, रायरेश्वर हे गडकोट आणि नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंदी या नद्यांची खोरी यांनी हा प्रदेश घडला आहे. हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानदखोरे ही इतिहासातील नावे येथलीच. पाऊस भरपूर, वाड्यावस्त्या विखुरलेल्या आणि पावसाळ्यात ओढ्यांना पूर आला की वाट बंद. गुडघाभर चिखलात वाकून भातलावणी करणाऱ्या माणसाचे सांधे आखडणार, ओल्या सरपणाच्या धुराने खोकला येणार आणि दवाखाना दूर असणार. अशा परिस्थितीत हाताशी असलेला पाला हाच पहिला उपचार ठरतो.

निरगुडी ओढ्याकाठी, बांधावर आणि कुंपणात वाढते. एका देठावर तीन किंवा पाच पर्णिका असतात, त्यांची खालची बाजू पांढुरकी दिसते. फुले लहान, निळसर जांभळी व तुऱ्यांनी येणारी. उग्र वासामुळे जनावरे तिला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून ती कुंपणाला सोयीची. तिचे लवचीक फोक पाट्या आणि कणग्या विणण्यास उपयोगी पडतात. कणगीत धान्य भरायचे आणि त्याला कीड लागू नये म्हणून वाळलेला पाला घालायचा : म्हणजे कणगीही निरगुडीची आणि धान्याची राखणही निरगुडीची.

३.३ नावांचा प्रवास

संस्कृत ग्रंथांत या वनस्पतीला निर्गुण्डी, सिन्दुवार, शेफालिका अशी नावे आहेत. ‘निर्गुण्डी’ या नावाची परंपरागत व्युत्पत्ती ‘शरीराचे रोगांपासून रक्षण करणारी’ अशी सांगितली जाते. मराठीत येताना या नावाची रूपे बदलली. संयुक्त ‘र्गु’ फोडून व अनुनासिक गमावून ‘निरगुडी’ झाली. ‘र’ लोपून ‘निगड’, ‘निगडी’ झाली. काही भागांत आरंभीच्या ‘न’चा ‘ल’ होऊन ‘लिंगूर’ असे रूप मिळाले. न–ल हा बदल मराठीला नवा नाही. ‘निंब’चा ‘लिंब’ आणि ‘नवनीत’चे ‘लोणी’ होताना तोच घडला आहे.

या नावाचा एक प्रवास समुद्रापारही झाला. गोव्यात राहणारे पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांनी भारतीय औषधींवरील संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला. त्यात ‘नेगुंदो’ या नावाने या वनस्पतीवर एक संवाद आहे. पुढे लिनिअस यांनी वनस्पतीला जे शास्त्रीय नाव दिले, त्यातील दुसरे पद ‘नेगुंदो’ हेच आहे. पश्चिम किनाऱ्यावर लोकांच्या तोंडी असलेला शब्द अशा रीतीने जगाच्या शास्त्रीय परिभाषेत गेला.

ग्रामनामांतही ही वनस्पती दिसते. आंबेगाव तालुक्यातील निरगुडसर, पिंपरी-चिंचवडमधील निगडी आणि आपल्या अभ्यासक्षेत्रातील निगडे ही नावे पाहावीत. यांचा संबंध निरगुडीशी असणे ध्वनिदृष्ट्या शक्य आहे. पण जुन्या कागदपत्रांतील रूपे पाहिल्याशिवाय तो सिद्ध झाला असे म्हणू नये. साम्य ही व्युत्पत्तीची सुरुवात असते, पुरावा नव्हे.

नावांच्या बाबतीत एक धोकाही ध्यानात ठेवला पाहिजे. ‘शेफालिका’ हे नाव निरगुडीला आहे तसेच पारिजातकालाही आहे. येथे घोटाळा झाला तरी फारसे बिघडत नाही. परंतु ‘बचनाग’ या नावाचे काय? हिमालयातील एका विषारी कंदाला हे नाव आहे आणि आपल्याकडे पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळी, ज्वाळेसारखी फुले मिरवणाऱ्या कळलावीच्या कंदालाही काही ठिकाणी बचनागच म्हणतात. दोन्ही विषारीच, पण त्यांतील विषे वेगळी. अडलेल्या बाळंतिणीला कळा याव्यात म्हणून कळलावीचा कंद अंगाला लावण्याची किंवा बांधण्याची रीत होती. वनस्पतीच्या नावातच तो उपयोग साठवलेला आहे. हाच कंद पोटात गेला तर मृत्यू ओढवू शकतो. म्हणून वनस्पतीचे केवळ नाव लिहून घेणारा अभ्यासक अर्धीच नोंद करतो, आणि अर्धी नोंद ही कधीकधी नोंद नसण्यापेक्षा घातक ठरते.

३.४ पाल्याचे उपयोग

निरगुडीचे घरगुती उपयोग प्रामुख्याने बाहेरून करावयाचे आहेत. पाला तव्यावर गरम करून सुजलेल्या सांध्यावर ठेवतात, वर एरंडाचे पान लावतात आणि फडक्याने बांधतात. पाला उकळलेल्या पाण्याने बाळंतिणीला आणि अंग दुखणाऱ्याला अंघोळ घालतात. सर्दीने डोके जड झाले असता त्याची वाफ घेतात. वाळलेला पाला उशीत भरतात. पाल्याचा रस तिळाच्या तेलात आटवून केलेले तेल सांध्यांना चोळतात. गोठ्यात आणि घरात डासांसाठी पाल्याची धुरी करतात.

यांतील पुष्कळशा उपयोगांना आधार आहे. पानांत उडून जाणारे सुगंधी तेल असते; प्राण्यांवरील प्रयोगांत पानांच्या अर्काने सूज व वेदना कमी झाल्याचे आढळले आहे, तसेच डासांवरही त्याचा परिणाम दिसला आहे. शेकण्यातील उष्णतेने मिळणारा आराम तर वेगळाच. मात्र प्रयोगशाळेतील अर्क आणि घरातील पाला या एकच गोष्टी नव्हेत, हे विसरू नये. पोटात घेण्याचा प्रश्न असेल, विशेषतः गर्भारपणी, तर प्रशिक्षित वैद्यांच्या सल्ल्याशिवाय निरगुडी वापरू नये.

३.५ मंत्र-तंत्राचे उपयोग

हाच पाला दुसऱ्या प्रकारेही वापरला जातो. डासांसाठी केलेली धुरी ‘बाहेरची बाधा’ झालेल्या माणसासमोरही धरली जाते. कडुनिंबाच्या किंवा निरगुडीच्या डहाळीने रुग्णाला डोक्यापासून पायापर्यंत झाडले जाते. औषधी मुळी खणण्याआधी आदल्या दिवशी झाडापाशी तांदूळ-सुपारी ठेवून त्याला ‘आवतण’ द्यायचे, मुळी ठरावीक वारी किंवा नक्षत्रावर काढायची, ती काढताना कोणाशी बोलायचे नाही, असे नियम महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेरही आढळतात.

या समजुतींचे विश्लेषण करताना मानववंशशास्त्राची मदत होते. जेम्स फ्रेझर यांनी ‘द गोल्डन बाउ’ (१८९०) या ग्रंथात जादूची दोन तत्त्वे मांडली. सारखे सारख्याला घडवते हे साम्यतत्त्व, आणि एकदा संपर्कात आलेल्या वस्तू दूर गेल्यावरही एकमेकींवर परिणाम करतात हे संपर्कतत्त्व. डहाळीने अंगावरची बाधा कचऱ्यासारखी झाडली जाते, यात साम्यतत्त्व आहे. ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्की यांनी ट्रोब्रिअंड बेटांवरील कोळ्यांचे निरीक्षण केले. उथळ, सुरक्षित खाजणात मासे धरताना ते मंत्र वापरत नसत. खोल समुद्रात जाताना मात्र वापरत. मानवी कौशल्य जेथे अपुरे पडते, तेथे मंत्र उभा राहतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

हा निष्कर्ष आपल्या परिसराला लावून पाहावा. पायाला मुका मार लागला तर पाला बांधून काम भागते. मंत्राची आठवण फारशी कोणाला होत नाही. पण ताप उतरत नाही, लेकरू रात्रभर रडते, म्हैस दूध देईनाशी होते, तेव्हा कारण दिसत नाही. ज्याचे कारण दिसत नाही, त्याच्याशी बोलण्यासाठी भाषा लागते. ती भाषा म्हणजे मंत्र.

३.६ एकच क्रियापद, दोन कृती

आता भाषेकडे अधिक बारकाईने पाहू. लोकवैद्यकातील औषध आणि मंत्र यांना जोडणारा दुवा क्रियापदांत आहे.

‘बांधणे’ : सुजेवर पाला बांधतात आणि मनगटाला मंतरलेला गंडाही बांधतात. पहिल्या कृतीत पाल्याचा स्पर्श महत्त्वाचा, दुसरीत गाठ महत्त्वाची. क्रियापद मात्र एकच.

‘झाडणे’ : घर झाडतात, अंथरूण झाडतात आणि अंगावरून बाधाही झाडतात. रोग हा अंगावर बसलेला केर आहे, अशी कल्पना या वापरामागे आहे.

‘चढणे–उतरणे’ : ताप चढतो आणि उतरतो, विष चढते आणि उतरते, विंचूही ‘उतरवतात’. रोग शरीरात वर वर जातो आणि उपायाने खाली येतो, असे हे चित्र आहे.

‘उतारा’ : हा शब्द तर आपल्या अभ्यासाचा नमुनाच आहे. विषावरील उपाय तो उतारा. रोग्यावरून ओवाळून तिवाठ्यावर ठेवलेला भात-अंडे तोही उतारा. दुखणे कमी झाले की ‘उतार पडला’. तलाठ्याकडून मिळणारा सातबाराही उताराच, पण तेथे उतरवून घेणे म्हणजे लिहून घेणे.

शब्दसाम्यावरून निष्कर्ष काढताना सावध राहावे, यासाठी एक उलट उदाहरण पाहू. ‘दृष्ट काढणे’ आणि ‘काढा’ यांचा संबंध असावा असे सहज वाटते. प्रत्यक्षात ‘काढा’ हा संस्कृत ‘क्वाथ’पासून आला आहे, ‘कढणे’ आणि ‘कढी’ ही त्याचीच भावंडे. ‘काढणे’ हे ओढणे या अर्थाच्या निराळ्या प्राकृत धातूतून आले आहे. ध्वनी जवळ आले, कुळे वेगळीच राहिली.

३.७ ‘गुण’ कोणाचा?

‘औषधाचा गुण आला’ असे आपण म्हणतो आणि ‘त्यांच्या हाताला गुण आहे’ असेही म्हणतो. पहिल्या वाक्यात गुण वनस्पतीचा, दुसऱ्यात माणसाचा. बोलणाऱ्याच्या मनात या दोहोंत विरोध नसतो. पाला तोच, पण सुईणीने बांधला तर गुण येतो आणि नातवाने बांधला तर येत नाही, असे म्हणणाऱ्या स्त्रीला अडाणी ठरवण्याची घाई करू नये. सुईणीला पाला किती गरम करायचा, गाठ किती घट्ट मारायची, हे ठाऊक असते. तिच्या बोलण्याने रुग्ण निर्धास्त होतो. हा धीर खरा असतो, आणि दुखणे सोसण्यास तो मदत करतो.

परंतु धीराने दुखणे सोसता येते, म्हणून रोग बरा होतो असे नाही. लोकभाषेत ‘गुण’ या एका शब्दाखाली या दोन्ही गोष्टी सामावतात. अभ्यासकाला मात्र प्रत्येक वेळी विचारावे लागते : हा गुण पाल्याचा, हाताचा की शब्दाचा?

३.८ ‘पान लागते’ तेव्हा

हा प्रश्न ज्या प्रसंगी सर्वांत निकडीचा होतो, तो प्रसंग आता पाहू. ग्रामीण मराठीत साप हा शब्द रात्री उच्चारत नाहीत. ‘जनावर’, ‘लांबडं’ म्हणतात. साप चावला असे न म्हणता ‘पान लागलं’ म्हणतात. नाव घेतले की ती वस्तू येते, या भयातून असे निषिद्ध शब्द आणि त्यांचे पर्याय निर्माण होतात. भाषाविज्ञानात याला शब्दनिषेध म्हणतात. ‘देवी’ हे रोगाचे नावही अशाच आदरयुक्त भीतीचे फळ आहे.

ही शब्दयोजना अभ्यासकाला मनोहर वाटते. मात्र शहरातून नव्याने आलेल्या डॉक्टरांना कोणी ‘पोराला पान लागलंय’ असे सांगितले आणि त्यांना ते उमगले नाही, तर मोलाचा वेळ जातो. दुसरीकडे ‘विष उतरवणे’ या शब्दप्रयोगाने कुटुंबाची पावले दवाखान्याऐवजी मांत्रिकाकडे वळतात. तेथे निरगुडीचा पाला असतो, डहाळी असते, मंत्र असतो. नसते ते प्रतिविष.

मग मंत्राने माणसे वाचल्याचे अनुभव लोक का सांगतात? ते खोटे बोलत नाहीत. आपल्याकडील बहुसंख्य साप बिनविषारी आहेत. विषारी सापाच्या प्रत्येक दंशातही पुरेसे विष भिनतेच असे नाही. अशा वेळी माणूस मंत्राशिवायही वाचला असता. श्रेय मात्र मंत्राला मिळते. नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे यांचे विष खरोखर भिनले असेल, तर मंत्र अपयशी ठरतो आणि ‘आणायला उशीर झाला’ असे सांगितले जाते. यशाची गोष्ट गावभर होते, अपयशाची होत नाही. या चार सापांच्या विषावर प्रतिविष उपलब्ध आहे. म्हणून दंश झालेल्या माणसाला धीर द्यावा, हालचाल करू देऊ नये आणि विनाविलंब रुग्णालयात न्यावे. जखम कापणे, चोखणे, घट्ट आवळून बांधणे किंवा तीवर पाला चोळत बसणे यांपैकी काहीही करू नये.

विंचवाचे उदाहरणही बोधप्रद आहे. भोरहून वरंध घाट उतरला की महाड येते. तेथे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाचे रुग्ण तपासून त्यांच्या लक्षणांच्या काटेकोर नोंदी ठेवल्या. त्या नोंदींवर आधारित लेखन १९८२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे प्राझोसिन या औषधाच्या वापराने अशा दंशामुळे होणारे मृत्यू मोठ्या प्रमाणात कमी झाले. संत एकनाथांनी भारुडात विंचवाच्या दंशाला आध्यात्मिक रूपक बनवले. या डॉक्टरांनी त्याच विंचवाची घड्याळ लावून नोंद केली. विंचू खऱ्या अर्थाने ‘उतरला’ तो या नोंदींमुळे.

महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यामागे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे दीर्घ प्रयत्न होते. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या व्यक्तीला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून मंत्र-तंत्र, गंडे-दोरे यांचे उपचार करणे, हे या कायद्यानुसार गुन्हा आहे. सांध्यावर निरगुडीचा पाला बांधणे हा अर्थातच गुन्हा नाही. कायद्यानेही शेवटी तोच भेद केला आहे, जो आपण भाषेच्या अंगाने करीत आहोत.

३.९ नोंद कशी करावी?

पुढील संवाद अभ्यासासाठी रचलेला आहे. तो वाचा आणि त्यात माहितीचे किती प्रकार आहेत, ते पाहा.

विद्यार्थिनी : आजी, गुडघ्याला काय बांधलंय तुम्ही?
आजी : निगडीचा पाला गं. तव्यावर गरम करायचा, वर एरंडाचं पान लावायचं आन् फडक्यानं बांधायचं.
विद्यार्थिनी : किती दिवस?
आजी : तीन सांजा. काल बांधला, आज वाईच उतार हाय.
विद्यार्थिनी : पाला कुणी आणला?
आजी : नातवानं. पर त्याला बजावलंय, तिन्हीसांजंला तोडायचा न्हाई. झाड निजल्यालं असतं.
विद्यार्थिनी : आणि तोडला तर?
आजी : गुण येत न्हाई, पोरी. आमच्या सासूबाईंनी सांगितलं, ते आम्ही धरलं.

या छोट्या संवादात स्थानिक नाव (निगडी), कृती (गरम करणे, बांधणे), मात्रा (तीन सांजा), परिणाम (वाईच उतार), निषेध (तिन्हीसांजेला तोडू नये) आणि प्रमाण (सासूबाई) अशा सहा गोष्टी आहेत. नोंदवहीत त्या वेगवेगळ्या रकान्यांत लिहाव्यात. ‘निगडी’चे प्रमाण मराठीत ‘निरगुडी’ करून मूळ शब्द पुसू नये, दोन्ही लिहावेत. वनस्पतीचे पान-फूल प्रत्यक्ष पाहून जाणकाराकडून ओळख पटवून घ्यावी.

‘झाड निजलेले असते’ या निषेधाचा एक व्यावहारिक अर्थ सुचतो. संध्याकाळी ओढ्याकाठच्या झुडपात हात घालणे धोक्याचे असते. हा अर्थ संभाव्य आहे, पण तो आपला आहे, आजींचा नव्हे. आजींचे म्हणणे एका रकान्यात आणि आपला तर्क दुसऱ्या रकान्यात, ही शिस्त पाळावी. प्रत्येक जुन्या समजुतीत विज्ञान दडलेले आहे असे मानणे आणि ती सर्व अंधश्रद्धा आहे असे मानणे, या दोन्ही भूमिका सारख्याच आळशी आहेत. दोहोंतही आजींचे बोलणे नीट ऐकलेले नसते.

आणखी एक गोष्ट. ज्यांच्याकडून माहिती घेतली, त्यांची परवानगी घ्यावी आणि सांगू नये असे त्यांनी सांगितलेले मंत्र लिहू नयेत. कामासाठी पुण्या-मुंबईस गेलेल्या पिढीबरोबर हे शब्द गावाबाहेर पडले आणि पुष्कळसे विरले. आपल्यापैकी अनेकांच्या घरी ते जाणणारी एखादी आजी किंवा मावशी असेल. तिचे शब्द लिहून घेण्यासाठी विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाण्याची गरज नाही. तिच्याजवळ बसण्याची गरज आहे.

४. सारांश

लोकवैद्यकात पाला, हात आणि शब्द या तिन्हींचा उपचार एकत्र होतो. निरगुडीच्या पाल्याने सांध्याला आराम मिळतो, त्याच पाल्याच्या धुरीने बाधा पळते असेही मानले जाते. ‘बांधणे’, ‘झाडणे’, ‘उतरणे’ ही क्रियापदे आणि ‘गुण’, ‘उतारा’ हे शब्द दोन्ही प्रकारच्या कृतींना सामावून घेतात. त्यामुळे बोलणाऱ्याला त्यांतील सीमा जाणवत नाही. दुखऱ्या गुडघ्याच्या बाबतीत ही सीमा पुसली तरी नुकसान होत नाही. सर्पदंशाच्या बाबतीत मात्र ती पुसल्याने जीव जातो. लोकभाषेच्या अभ्यासकाने शब्द आदराने जपावा आणि त्याच वेळी सीमा स्पष्टपणे दाखवावी. या दोन कामांत विरोध नाही.

५. पारिभाषिक शब्द

लोकवैद्यक : परंपरेने व मौखिक रीतीने चालत आलेली उपचारपद्धती.
शब्दनिषेध : भय, आदर किंवा लज्जा यांमुळे एखाद्या शब्दाचा उच्चार टाळणे.
साम्यतत्त्व : सारखी कृती सारखा परिणाम घडवते, ही जादूमागील कल्पना.
संपर्कतत्त्व : संपर्कात आलेल्या वस्तूंचा परस्परसंबंध कायम राहतो, ही कल्पना.
आवतण : आमंत्रण, येथे मुळी खणण्यापूर्वी वनस्पतीला दिलेले निमंत्रण.
तिवाठा : तीन वाटा मिळतात ती जागा.

६. सरावासाठी स्वाध्याय

१) ‘निर्गुण्डी’पासून मराठीत झालेली रूपे सांगून त्यांतील ध्वनिबदल स्पष्ट करा.
२) ‘उतारा’ या शब्दाचे विविध अर्थ उदाहरणांसह लिहा.
३) मॅलिनोव्स्की यांचा निष्कर्ष आपल्या परिसरातील एखाद्या प्रथेला लावून पाहा.
४) आपल्या बोलीत साप, वाघ किंवा एखादा रोग यांसाठी वापरले जाणारे पर्यायी शब्द जमवा आणि ते कोणत्या प्रसंगी वापरतात, ते नोंदवा.
५) घरातील किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या व्यक्तीकडून एका घरगुती औषधाची माहिती घ्या. ३.९ मध्ये दिलेले सहा रकाने आखून ती लिहा. सातव्या रकान्यात स्वतःचे मत लिहा. ते आधीच्या सहांत मिसळू देऊ नका.